अण्णा, हे तुम्हीच पाठवलंय ना?

दुपारचे सौदे आटोपले की सांगलीच्या मार्केट यार्डात पैशांची धांदल सुरू होते. सकाळी पुकारलेले हळदीचे भाव शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्यांवर उतरतात, हमाली-तोलाई वजा होते, आणि कुणाकडून किती यायचे, कुणाला किती द्यायचे, हे सगळं आडत दुकानातल्या एका टेबलावर येऊन पडतं. त्या टेबलामागच्या माणसाला यार्डात अजूनही दिवाणजी म्हणतात. आता त्या खुर्चीवर पुष्कळदा नुकतीच बी.कॉम. झालेली मुलगी असते. पुढ्यात हिशेबाचं टॅली, हातात बँकेचं अ‍ॅप आणि सतत वाजणारं व्हॉट्सअ‍ॅप. मी कर सल्लागार आहे. जीएसटीच्या निमित्ताने अशा टेबलांशी माझा रोजचा संबंध येतो.

अशाच एका मुलीला अनोळखी नंबरवरून निरोप आला. फोटो दुकानाच्या मालकांचा, फेटा बांधलेला, लग्नातला. ‘हा माझा नवीन नंबर, सेव्ह कर. महत्त्वाच्या बैठकीत आहे, फोन करू नको. खालच्या खात्यावर चार लाख ऐंशी हजार लगेच आरटीजीएस कर आणि यूटीआर पाठव.’ आरटीजीएस म्हणजे मोठी रक्कम बँकेतून थेट दुसऱ्या खात्यावर पाठवणं, आणि यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक. मालक त्या दिवशी तासगावला बेदाण्याच्या सौद्याला गेले होते, त्यामुळे ते जागेवर नसणं खरंच होतं. खात्यात तेवढी रक्कम होती. मुलीने मालकांच्या जुन्या नंबरवर फोन लावला. पहिल्यांदा उचलला गेला नाही. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा मागे सौद्याचा गलका चालला होता. ती ओरडूनच म्हणाली, “अण्णा, हे तुम्हीच पाठवलंय ना?”

अण्णांनी काहीच पाठवलं नव्हतं.

यार्डात ही गोष्ट पसरली तेव्हा सगळे तिच्या हुशारीचं कौतुक करू लागले. मी तिला विचारलं, शंका कशावरून आली? ती म्हणाली, “शंका आलीच नव्हती, ताई. पण एक लाखाच्या वर काहीही पाठवायचं असलं तर मला फोन करायचा, मी रागावलो तरी करायचा, असं अण्णांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं.”

हे उत्तर माझ्या मनातून जात नाही. ती वाचली ती अक्कलहुशारीने नाही. तिच्या मालकाने तिला विचारण्याची मुभा आधीच देऊन ठेवली होती. लहान धंद्याच्या सायबर सुरक्षेबद्दल मी पुष्कळ ऐकलं, वाचलं. अँटिव्हायरस कुठला घ्यावा, पासवर्ड किती अक्षरांचा असावा, फायरवॉल म्हणजे काय. ते सगळं आपल्या जागी ठीक आहे. पण ज्या दुकानात सर्वांत कमी पगाराचा माणूस मालकाला थांबवून “खरंच का?” म्हणू शकतो, ते दुकान माझ्या मते निम्म्याहून अधिक सुरक्षित असतं. आणि अशी दुकानं आपल्याकडे फार थोडी आहेत.

कारण आपल्याकडे मालकाला उलट विचारत नाहीत. मालकाने सांगायचं, माणसाने करायचं. “एवढंही कळत नाही का, मला कशाला फोन करतोस?” हे वाक्य ज्याने दोनदा ऐकलं, तो तिसऱ्यांदा फोन करत नाही. चोराला नेमका तोच माणूस हवा असतो. निरोपात घाई असते, मालकाचा आवाज असतो आणि ‘फोन करू नको’ ही ताकीद असते. ताकीद सगळ्यात महत्त्वाची. तिच्यावरच बाकी सगळा डाव उभा असतो.

हे अडाणी लोकांनाच होतं असं कुणी समजू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये हेच घडलं. अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की अमुक खात्यांवर पैसे पाठवा. १ कोटी १ लाख रुपये गेले आणि मग कळलं की निरोप त्यांचा नव्हताच. मोठ्या कंपनीत शिकलेली, अनुभवी, जबाबदार माणसं असतात. तिथे हे होऊ शकतं, तर आडत दुकानातल्या बावीस वर्षांच्या पोरीला कुठल्या तोंडाने दोष द्यायचा? म्हणून ‘लोभापायी फसले’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. लॉटरीच्या, दामदुपटीच्या फसवणुकीत लोभ असेलही. दुकानदार बहुतेकदा फसतो तो काम वेळेवर करण्याच्या नादात. लष्करातला अधिकारी असल्याचं सांगून कुणी मिठाईच्या दुकानात मोठी ऑर्डर देतो, आगाऊ रक्कम पाठवण्यासाठी क्यूआर कोड पाठवतो, आणि गिऱ्हाइकाचा मान राखायचा म्हणून दुकानदार तो स्कॅन करून पिन टाकतो. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. हे त्याला एरवी माहीत असतं. पण समोरचा माणूस वर्दीतला आहे, त्याला ‘जरा थांबा’ कसं म्हणायचं, या संकोचात हात पुढे जातो.

विचारणं थांबलं की काय होतं, याचं मी पाहिलेलं सर्वांत मोठं उदाहरण यार्डातलं नाही, पुण्याचं आहे. कॉसमॉस ही १९०६ साली सुरू झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता, बँका बंद होत्या. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा यंत्र स्वतःहून काही ठरवत नाही. ते स्विच नावाच्या मधल्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य संगणकाला विचारतं, या खात्यात एवढे पैसे आहेत का? तिकडून ‘आहेत’ असं आलं की नोटा बाहेर येतात. चोरांनी त्या मधल्या जागी आपली खोटी यंत्रणा बसवली. त्या दिवशी जगभरातल्या यंत्रांनी प्रश्न विचारले, पण ते बँकेपर्यंत पोहोचलेच नाहीत. मधला खोटा स्विच प्रत्येकाला ‘हो, द्या’ म्हणत राहिला. नकली कार्डं घेतलेली माणसं २८ देशांत एटीएमसमोर उभी होती. काही तासांत परदेशातून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी निघाले. त्यातले काही तर आपल्या कोल्हापूरच्या एटीएममधून. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेमार्फत आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली.

तिजोरी फोडली नाही, भिंतीला भोक पाडलं नाही. विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्या मधली वाट तेवढी तोडली. तासगावच्या सौद्यात उभ्या असलेल्या अण्णांच्या नावाने आलेल्या निरोपाने तेच करून पाहिलं होतं.

बरं, आपल्या व्यवस्थेतही काही प्रश्न कित्येक वर्षं विचारलेच जात नव्हते. आरटीजीएस किंवा एनईएफटी करताना आपण नाव लिहितो, खाते क्रमांक लिहितो. सामान्य माणसाला वाटतं की बँक दोन्ही ताडून पाहते. प्रत्यक्षात पैसे खाते क्रमांकावर जमा होत. नाव कुणाचंही लिहा. याचा फायदा घेणारी एक फसवणूक लहान कारखानदारांना आणि निर्यातदारांना फार छळते. नेहमीच्या पुरवठादाराकडून ईमेल येतो. बिल तेच, शिक्का तोच, रक्कमही बरोबर. फक्त खाली लिहिलेलं असतं की आमची बँक बदलली आहे, यापुढे या खात्यावर भरा. ईमेलच्या पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं, किंवा पुरवठादाराचाच ईमेल कुणीतरी उघडून बसलेलं असतं. पैसे जातात, पोचही मिळते, आणि महिनाभराने खरा पुरवठादार फोन करतो की आमचं बिल कधी देताय?

३० डिसेंबर २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना सांगितलं की १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी खातेदाराचं नाव आधी पाहण्याची सोय द्या. आता खाते क्रमांक आणि बँक शाखेचा आयएफएससी कोड टाकला की समोर नाव येऊ शकतं. ही सोय फुकट आहे. मी ज्या ज्या टेबलाशी बसते तिथे एवढंच सांगते की ते नाव वाचा. मोठ्याने वाचा. फर्मचं बिल आहे आणि नाव भलत्याच कुणा माणसाचं येतंय, तर बटणावरचं बोट उचला. आणि पुरवठादाराला फोन करायचा तो त्या ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आपल्या वहीत जुना जो नंबर आहे त्यावर.

संगणक कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रकार मी इथे थोडक्यात सांगते, कारण त्यावरचे उपाय सगळ्यांना तोंडपाठ आहेत आणि तरी कुणी करत नाही. टॅलीचा डेटा एका फोल्डरमध्ये असतो. हिशेबनिसाला घरून काम करता यावं म्हणून कुणीतरी तो संगणक दुरून चालवायची वाट उघडून ठेवतो, पासवर्ड सोपा असतो, विंडोज चोरीची किंवा जुनी असते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी यार्डातले कितीतरी संगणक त्याच्यावरच चालू आहेत. एका सकाळी सगळ्या फायलींची नावं बदललेली असतात आणि पडद्यावर पैशांची मागणी असते. “बॅकअप आहे ना?” विचारलं की मालक अभिमानाने पेन ड्राइव्ह दाखवतात. तो संगणकालाच खोचलेला असतो, रात्रंदिवस. मग तोही कुलूपबंद होतो.

बॅकअप वेगळा काढून ठेवायचा म्हणजे काय, हे समजावताना मी २७ जून २०१७ ची हकिकत सांगते. त्या दिवशी नॉटपेट्या नावाचा विषाणू युक्रेनमध्ये सुटला. तिथले व्यापारी कराचे हिशेब भरण्यासाठी जे सॉफ्टवेअर वापरत, त्याच्याच अपडेटमधून तो शिरला. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीत गेला आणि त्याची झळ थेट आपल्या न्हावा शेवा बंदराला, म्हणजे जेएनपीटीला लागली, कारण तिथलं एक टर्मिनल याच कंपनीकडे होतं. युक्रेनमधला कुणी हिशेबनीस आपलं रोजचं काम करतो आणि इकडे उरणच्या बाजूला मालाची वाट अडते, इतकं सगळं आता एकमेकांत गुंतलेलं आहे. मर्स्कला आपलं जाळं पुन्हा उभं करायचं होतं, पण ज्या संगणकांवर त्याचा आराखडा होता त्यांच्या जगभरातल्या प्रती पुसल्या गेल्या होत्या. एकच प्रत वाचली, घानामधल्या कार्यालयातली. का, तर हल्ला झाला तेव्हा तिथली वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्यातून बाहेर पडला होता. भारनियमनात वाढलेल्या आपल्या माणसांना हे लगेच पटतं. तुमचा एक बॅकअप असा हवा की जो कशालाही जोडलेला नाही. शनिवारी संध्याकाळी डेटा घ्या, पेन ड्राइव्ह काढा, घरी कपाटात ठेवा. पुढच्या शनिवारी दुसरा. आणि महिन्यातून एकदा तो उघडून बघा, आत खरंच काही आहे का.

आमच्या व्यवसायाबद्दलही बोलायला हवं. लहान व्यापाऱ्याच्या जीएसटी नोंदणीवर मोबाइल नंबर आणि ईमेल पुष्कळदा सल्लागाराचाच असतो. ‘साहेब, तुम्हीच बघा’ असं व्यापारी म्हणतो आणि सल्लागाराला तेच सोयीचं पडतं. मग फर्मच्या नावापुढे ‘१२३’ लावलेले पासवर्ड एका वहीत किंवा एक्सेलच्या फायलीत. ती एक फाइल चोराच्या हाती लागली तर किती धंदे उघडे पडतील, याचा विचार करून पाहा. दुसऱ्याच्या पॅन, आधार आणि लाइट बिलावर बोगस फर्म काढून खोटी बिलं फाडण्याचा उद्योग देशात इतका वाढला की १६ मे २०२३ पासून खोट्या नोंदणींविरुद्ध देशभर खास मोहीम घ्यावी लागली. ही कागदपत्रं कुठून जातात? झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावरून, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून विसरलेल्या फोटोंतून, आणि आमच्यासारख्यांच्या कार्यालयांतून. १ एप्रिल २०२५ पासून मालवाहतुकीच्या ई-वे बिलाच्या पोर्टलवर सर्वांना पासवर्डसोबत ओटीपी सक्तीचा झाला तेव्हा यार्डात कुरकुर झाली, गाडी भरून उभी आणि ओटीपी मालकाच्या मोबाइलवर. मला मात्र बरं वाटलं. निदान त्यामुळे नोंदणीवर मालकाचा स्वतःचा नंबर आला. ज्याचा धंदा, त्यालाच विचारलं जाऊ लागलं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो मात्र चोरी न होताही धंदा बंद पडतो तेव्हा. बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याचं चालू खातं एका सकाळी गोठलं. बँकेत गेल्यावर कळलं की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडून सूचना आली आहे. कुणीतरी त्यांच्या दुकानातून काही पेट्या माल नेला होता आणि यूपीआयने अठरा हजार दिले होते. ते पैसे फसवणुकीचे होते, दोन-तीन खाती फिरून आलेले. व्यापाऱ्याचा दोष एवढाच की त्याने माल विकला. पण अठरा हजारांसाठी सबंध खातं अडकलं आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या थांबल्या. ज्याच्याकडे पिढ्यान् पिढ्या माल येतो त्याच्या दारात शेतकरी उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतला प्रश्न त्या माणसाला सहन होईना. तो मला म्हणाला, “पैसे गेले असते तर सोसलं असतं. हे चोर ठरवणं नाही सोसवत.”

इथे एक अवघड गोष्ट आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली की ती पैसे गेलेल्या बँकेकडे पोहोचते, तिथून पुढच्या बँकेकडे, आणि वाटेत जिथे पैसे सापडतील तिथे ते अडवले जातात. फसलेल्या माणसासाठी हे वरदान आहे, आणि फसवणूक झाल्यावर पहिल्या तासात १९३० लावणं यासारखा दुसरा उपाय नाही. आधी नातेवाईक, मग ओळखीचे पोलीस, मग बँकेचे साहेब, असं करत बसलं तर पैसे चार खाती ओलांडून गेलेले असतात. पण हीच साखळी पुढे जाऊन निरपराध दुकानदाराच्या खात्यावर आपटते. वादातली रक्कम अडवा, सगळं खातं नको, असं म्हणण्याचा अधिकार दुकानदाराला आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत बँकांना पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतीच रोक लावायला सांगितलं होतं. आमच्या व्यापाऱ्याने बिल, जीएसटीचं विवरणपत्र आणि माल नेल्याची नोंद जोडून तपास अधिकाऱ्याला अर्ज केला. खातं सुटलं, पण हंगामाचे ऐन दिवस त्यात गेले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की गल्ल्यावरच्या क्यूआर कोडचं खातं वेगळं ठेवा आणि शेतकऱ्यांना ज्यातून पैसे देता ते वेगळं. आणि दोनशे रुपयांचं असो की अठरा हजारांचं, बिल फाडा. आपल्या निर्दोषपणाचा पुरावा आपल्याकडेच असायला हवा, ही वेळ वाईट आहे, पण आहे.

आता पुन्हा विचारण्याच्या मुभेकडे येते. नुसतं तोंडी सांगून ती टिकत नाही. माणूस बदलतो, मालकाचा मूड बदलतो. बँकेत अर्ज केला तर चालू खात्याला दोन वेगळे वापरकर्ते मिळतात. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजुरी द्यायची. मंजुरीशिवाय रुपया हलत नाही. लॉकर उघडायला बँकेची आणि आपली अशा दोन किल्ल्या लागतात, तसंच. यार्डात बहुतेकांकडे मात्र एकच लॉगिन असतं, ते दिवाणजींकडे, आणि मालक बाहेरगावाहून फोनवर ओटीपी सांगतात. तो ओटीपी सांगताना रक्कम किती, कुणाला, हे ते विचारतातच असं नाही.

बेदाण्याच्या त्या व्यापाऱ्याने खातं सुटल्यावर असा अर्ज केला. दुसरी मंजुरी कुणाची, हा प्रश्न आला. मुलगा पुण्यात नोकरीला. भावाशी पटत नाही. व्यापाऱ्याची बायको फर्ममध्ये भागीदार आहे, पण कागदावर. कराच्या सोयीसाठी बायकांना भागीदार करतात आणि मग त्या वर्षातून दोन-तीनदा मी खूण केलेल्या जागी सह्या करतात. कशावर, ते कुणी सांगत नाही. मी म्हटलं, वहिनींना द्या. त्यांनी जरा काचकूच केली, “तिला यातलं काय कळतंय?” वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, “बिल वाचता येतं मला.”

आता दुपारी त्यांच्या मोबाइलवर नोंदी येतात. पुढ्यात दिवाणजींनी पाठवलेल्या बिलांचे फोटो असतात. नाव जुळलं, खातं जुळलं की त्या मंजुरी देतात. मध्यंतरी पेट्यांच्या पुरवठादाराचं बिल आलं आणि खाते क्रमांक मागच्या बिलापेक्षा वेगळा निघाला. त्यांनी नोंद अडवली. यजमान चिडले, नेहमीचा माणूस आहे, वीस वर्षांचा व्यवहार आहे. वहिनींनी जुन्या बिलावरचा नंबर काढून स्वतः फोन केला. पुरवठादार म्हणाला, हो वहिनी, बँक बदलली खरी, आधी कळवायला हवं होतं. पैसे अर्धा तास उशिरा गेले. पुढच्या बिलासोबत त्याने बँकेचा रद्द केलेला चेक जोडून पाठवला, कुणी मागितला नव्हता तरी.